वाचकांचे प्रश्न : रविवारचा निश्चय, सोमवारची सकाळ

या वेळच्या पत्रांतून सहा निवडली आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. वचनांचे संदर्भ कंसात दिले आहेत. आपापल्या घरातलं पवित्र शास्त्र (बायबल) उघडून ते पाहावेत, आमच्या शब्दावर विसंबू नये.

दर रविवारी उपासनेत देवापुढे कबूल करते की मी फार चिडते. सोमवारी मुलांना शाळेत धाडताना पुन्हा तोच आरडाओरडा. ख्रिस्तासारखी सहनशीलता माझ्यात कधी येणार? – शिक्षिका, श्रीरामपूर

‘मी फार चिडते’ ही कबुली खरी असेल, पण तिच्यात हाताला लागण्यासारखं काही नाही. कोणावर चिडता, किती वाजता, कशावरून? याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे : सकाळ, शाळेची घाई, मुलं. म्हणजे अख्खा दिवस बिघडलेला नाही, पाऊण तास बिघडलेला आहे. गलतीकरांस पत्रात (५:२२-२३) आत्म्याच्या फळाची नऊ अंगं सांगितली आहेत. ती सगळी एकदम अंगी आणायला निघालेला माणूस बुधवारपर्यंत थकतो आणि ‘आपल्याच्यानं होणार नाही’ म्हणून सोडून देतो. तुम्ही हा पाऊण तास धरा.

यासाठी संत इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात घालून दिलेली एक रीत आहे. वसईकडच्या कॅथलिक वाचकांना ती ठाऊक असेल, प्रॉटेस्टंट घरांत सहसा नसते. एका वेळी एकच दोष घ्यायचा. वहीत सात दिवसांच्या सात जोडओळी आखायच्या, वरची दुपारपर्यंतची आणि खालची रात्रीपर्यंतची. उठल्याबरोबर त्या एका दोषाबद्दल देवाकडे मदत मागायची. दिवसात तो घडला की तिथल्या तिथे छातीवर हात ठेवायचा, बाजूच्या माणसाला कळतसुद्धा नाही. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर आठवून तितकी टिंबं ओळीवर द्यायची. मग दुपारची ओळ रात्रीच्या ओळीशी, आजचा दिवस कालच्या दिवसाशी, हा आठवडा मागच्या आठवड्याशी ताडून पाहायचा.

दोष निवडताना ‘राग’ असं लिहू नका. राग मोजता येत नाही, चढलेला आवाज मोजता येतो. म्हणून लिहा : ‘मुलांवर आवाज चढवणं’.

रात्री टिंबं नुसती मोजून वही मिटू नका. पहिल्या टिंबाच्या आधीची पाच मिनिटं आठवा. बहुतेक वेळा तिथे फार गहन काही सापडत नाही. एक बूट कॉटखाली गेलेला असतो, डायरीवर सही राहिलेली असते, खाली रिक्षावाला हॉर्न देत असतो आणि डब्यातली पोळी अजून तव्यावर असते. बूट, दप्तर, सही ही कामं आदल्या रात्री नऊला उरकली आणि तुम्ही वीस मिनिटं आधी उठलात, तर निम्मी टिंबं तिथेच गळतील. यात अध्यात्म कुठे आलं, असं वाटेल. सहनशीलतेसाठी प्रार्थना करायची आणि बूट कॉटखालीच राहू द्यायचा, हे मात्र अध्यात्म नक्कीच नाही. उरलेल्या टिंबांसाठी याकोबाचं वचन (१:१९) स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवा. ऐकायला तत्पर आणि बोलायला सावकाश, हा क्रम तिथे आहे. व्यवहारात याचा अर्थ मुलाचं वाक्य पुरं होईपर्यंत आपलं सुरू करायचं नाही.

आवाज चढलाच तर मुलाची माफी त्याच दिवशी मागा, सूर्य मावळायच्या आत (इफिस. ४:२६). ‘तू असं वागतोस म्हणून मला ओरडावं लागतं’ ही माफी झाली नाही. ‘मी ओरडले ते चुकलं’ एवढंच म्हणा आणि थांबा. बूट जागेवर ठेवायची शिकवण संध्याकाळी वेगळी द्या. दोन्ही एका वाक्यात ‘पण’ने जोडली की मुलाच्या कानात फक्त ‘पण’च्या पुढचं उरतं.

अडचणी कुठे येतात तेही सांगतो. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात टिंबं वाढतात आणि आपण बिघडत चाललो असं वाटतं. प्रत्यक्षात तुम्ही इतकी वर्षं न मोजलेलं मोजू लागलेल्या असता. पुढे कधीतरी सलग तीन दिवस ओळ कोरी जाते, आणि वही नवऱ्याला दाखवायची इच्छा होते. दाखवू नका. आणि सगळ्यात मोठा घोटाळा म्हणजे कोऱ्या ओळीला देवाची मर्जी समजणं. इफिसकरांस पत्रात (२:८-१०) क्रम स्पष्ट आहे, आधी कृपेने तारण, मग सत्कृत्यं. टिंबं आपल्याला कळावं म्हणून असतात, देवाला हिशेब द्यायला नसतात.

एक शेवटचं. टिंबं महिन्यातल्या ठरावीक दिवसांतच वाढत असतील, किंवा झोप पाच तासांच्या खाली गेली असेल, तर डॉक्टरांना दाखवा. एलीया संदेष्टा जीवाला कंटाळून झुडपाखाली पडला तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिलं, दोनदा खाऊ घातलं आणि उपदेशाचं नंतर पाहिलं (१ राजे १९).

वडील वारल्यावर चार एकर जमीन थोरल्या भावाच्याच ताब्यात राहिली. माझा निम्मा हिस्सा तो देत नाही, वर बांध सरकवला. दोन वर्षं बोलणं बंद आहे. चर्चचे पाळकसाहेब म्हणतात, क्षमा केल्याशिवाय प्रभुभोजनाला (भाकर-द्राक्षरसाच्या विधीला) येऊ नका. क्षमा म्हणजे हक्क सोडायचा का? – शेतकरी, जालना जिल्हा

नाही. क्षमा, समेट आणि वाटणी या तीन गोष्टी आहेत आणि भाऊबंदकीत तिन्ही एकाच गाठोड्यात बांधल्या जातात. क्षमा तुमची एकट्याची, ती आज रात्री करता येते, भावाने मागितली नाही तरी. तिचा अर्थ असा की त्याचं वाईट व्हावं ही इच्छा सोडायची, त्याच्या मुलाच्या नापास होण्याची बातमी चवीने सांगायची नाही आणि सूड देवावर टाकायचा (रोम. १२:१९). समेटाला दोघं लागतात. वाटणीला तहसील कार्यालय लागतं.

समेटाचा क्रम प्रभू येशूनेच घालून दिला आहे (मत्तय १८:१५-१७) : आधी एकट्याने जाऊन भेटायचं, नाही ऐकलं तर एकदोघांना बरोबर न्यायचं, त्यावरही नाही तर मंडळीला, म्हणजे चर्चच्या लोकांना, सांगायचं. आपल्याकडे हे बरोबर उलटं चालतं. आधी सोयऱ्याधायऱ्यांना कळतं, मग मंडळीला, मग पाळकांना, आणि ज्याच्याशी बोलायचं तो भाऊ सगळ्यात शेवटी.

जाताना पेरणीचे आणि लग्नसराईचे दिवस टाळा. बांधावर उभं राहून बोलू नका, तिथे दोघांचाही आवाज आपोआप चढतो. त्याच्या घरी जा, चहा घ्या. मत्तय ५:२३-२४ नीट वाचलंत तर तिथे वेदीवरून उठून जायचं आहे ते ‘आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे’ हे आठवल्यावर. म्हणून पहिलं वाक्य हिश्शाचं नको. ‘माझ्याकडून तुझं काय दुखलं ते सांग’ असं विचारा आणि पुरं ऐका. वडिलांच्या दवाखान्याचा खर्च त्याने एकट्याने केला असेल, विहिरीचं कर्ज तो फेडत असेल. मग आपलं एकच म्हणणं मांडा, बांध आणि वाटणी. बायकांची भांडणं, जुनी लग्नं, मानपान काढायचं नाही.

आता हिश्शाचं. ‘माझा निम्मा’ हे तुम्ही कुठून आणलंत? मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती कुटुंबाला भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागू होतो (गोव्यातला कायदा वेगळा आहे). त्यानुसार विधवेला एक तृतीयांश मिळतं आणि उरलेल्या दोन तृतीयांशात सर्व मुलांना, मुलगा असो वा मुलगी, सारखा वाटा. चार एकर म्हणजे १६० गुंठे. आई हयात असेल तर तिचे सुमारे ५३ गुंठे. उरलेले सुमारे १०७ दोन भाऊ आणि एक बहीण यांच्यात वाटले तर प्रत्येकी साडेपस्तीसच्या आसपास येतात, ऐंशी नव्हेत. तुमच्या चार पानी पत्रात आईचा आणि बहिणींचा उल्लेखच नाही. भावाने तुमचा हिस्सा दाबला असेल, पण तुम्हीही मनातल्या मनात कोणाचा तरी दाबून बसला आहात का, हे आधी तपासा. कागदोपत्री कुटुंबाचा धर्म वेगळा नोंदलेला असेल तर हिस्से बदलू शकतात. त्यासाठी वकिलांना एकदा कागद दाखवून घ्या.

त्यानंतरची वाट फार अवघड नाही. सातबाऱ्यावर सगळ्या वारसांची नावं लागली आहेत का ते पाहा, नसतील तर तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज द्या. बांधासाठी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज दोघांनी मिळून करा आणि फी निम्मी-निम्मी भरा. एकट्याने अर्ज केला की दुसऱ्याला मोजणीदार फितवल्याचा संशय येतो. मोजणीआधीच दोन वडीलधाऱ्यांसमक्ष लिहून ठेवा की हद्दीच्या खुणा जिथे पडतील तिथे दोघंही मानू. सगळे सहहिस्सेदार राजी असतील तर तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटणी होते, कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.

प्रेषित पौल खटल्याच्या विरोधात आहे हे खरं (१ करिंथ. ६). त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही, असंही तो विचारतो. हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःच्या वाट्यापुरता सोडवायचा. तुमचे साडेपस्तीस गुंठे तुम्ही भावाला खुशाल सोडा, पण आईचे आणि बहिणीचे सोडायला तुम्ही कोण? पौल त्याच अध्यायात, तुमच्यात निवाडा करील असा एकही शहाणा नाही काय, असंही विचारतो. तेव्हा मंडळीतले दोन जाणते लोक बसवायची जबाबदारी पाळकांचीही आहे. प्रभुभोजनाबद्दल त्यांना एवढं सांगा : मी सूड सोडला आहे, अमुक तारखेला भावाच्या घरी जाऊन आलो, दार उघडलं किंवा उघडलं नाही. जितकं आपल्याकडून होईल तितकं करावं, एवढीच रोमकरांस पत्राची अट आहे (१२:१८). भावाच्या हट्टाची शिक्षा तुम्हाला होऊ नये.

महिला मंडळाच्या प्रार्थनेत ‘प्रार्थना विषय’ म्हणून घराघरांतल्या गोष्टी बाहेर येतात. बोललं तर भगिनींना राग येतो. काय करावं? – मंडळाच्या सेक्रेटरी, सोलापूर

सभेच्या सुरुवातीलाच, कोणी काही बोलण्याआधी, नियम सांगून टाका, म्हणजे तो कोणा एकीला उद्देशून वाटत नाही. विषय एका वाक्यात सांगायचा. दुसऱ्याचं नाव त्याच्या परवानगीशिवाय घ्यायचं नाही. गरज सांगायची, कारण सांगायचं नाही. ‘अमुकच्या मुलीसाठी प्रार्थना करा, तिचं ठरलेलं मोडलं, का तर…’ यातला ‘का तर’ आला की तुम्ही हळूच म्हणायचं, ‘देवाला ठाऊक आहे, चला प्रार्थना करू.’ दोनतीन सभांत सवय लागते. एकदोघी येणं बंद करतील, करू द्या.

नवरा दारू पिऊन मारतो. मंडळीतले वडील (चर्चमधले वडीलधारे) म्हणतात, ख्रिस्ताने सोसलं तसं तूही सोस, तुझ्या नम्रतेने तो बदलेल. सात वर्षं झाली. – नाव व गाव नको

आधी सुरक्षित व्हा, बाकीचं मागाहून. मार चालू असेल तर ११२ वर फोन करा. महिला हेल्पलाइन १८१ आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यांकडे तक्रार देता येते, राहत्या घरात राहण्याचा हक्क मागता येतो, आणि त्यासाठी घटस्फोट घ्यावा लागत नाही. आधार कार्ड, मुलांचे दाखले, पासबुक आणि थोडे पैसे यांची पिशवी विश्वासातल्या शेजारणीकडे आजच ठेवा. जखम झाली तर सरकारी दवाखान्यात दाखवा आणि कशाने झाली ते खरं सांगून केसपेपरवर लिहून घ्या. ‘घसरून पडले’ असं सांगू नका, पुढे तोच कागद उपयोगी पडतो.

आता मंडळीतल्या वडिलांच्या उपदेशाबद्दल. शिपायाने प्रभूच्या थोबाडीत मारली तेव्हा त्याने ‘मला का मारतोस?’ असा जाब विचारला (योहान १८:२३). शौल राजाने भाला फेकला तेव्हा दावीद तिथे सोसत उभा राहिला नाही, त्याच रात्री पळाला (१ शमुवेल १९:१०). पौलाला फटके मारायला बांधलं तेव्हा त्याने रोमी नागरिकत्वाचा कायदा पुढे केला (प्रे. कृत्ये २२:२५). सोशिकपणाची जी वचनं तुम्हाला ऐकवली जातात ती बहुधा पेत्राच्या पहिल्या पत्रातली असतात. त्याच पत्रात (३:७) पतीला बजावलं आहे की पत्नीला मान दे, नाहीतर तुझ्या प्रार्थना अडतील. हे वचन तुमच्या नवऱ्यापुढे या सात वर्षांत कोणी वाचलं का, हे त्या वडिलांनाच विचारायला हवं.

त्याला क्षमा करणं आणि त्याच्या हाताच्या टप्प्यात राहणं यांचा संबंध नाही. तो बदलला हे अश्रूंवरून ठरवू नका. दारू सुटायला उपचार घेतो का, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांना जातो का, झालेला मार चारचौघांत कबूल करतो का, आणि हे सहासात महिने टिकतं का, त्यावरून ठरवा.

विक्री प्रतिनिधी आहे. दोन वर्षं प्रवासखर्चाची बिलं फुगवून लावली, सगळेच लावतात. आता मन खातं. देवाची क्षमा मागितली, तेवढं पुरे ना? – नाशिक

देवाशी असलेला हिशेब मिटला. कंपनीशी असलेला बाकी आहे. लेवीय या बायबलमधल्या नियमांच्या पुस्तकात (६:१-५) फसवून घेतलेल्याचं मुद्दल अधिक एक पंचमांश, ज्याचं त्याला, आणि अर्पण आणायच्या त्याच दिवशी, असं आहे. जक्कय नावाच्या जकातदाराने चौपट परत देईन म्हटलं (लूक १९:८). आपल्यावर पंचमांशाचं बंधन नाही, पण परतफेड रुपयांत होते हे दोन्ही ठिकाणी दिसतं. जक्कयाने हे प्रभू त्याच्या घरी उतरल्यावर केलं, तो यावा म्हणून केलं नाही, एवढं ध्यानात असू द्या.

सुरुवात या महिन्याच्या बिलापासून करा, ते खरं लावा. साहेब विचारतील, ‘यंदा कमी कसं?’ तिथेच बोलायला वाट मिळेल. मग जुने हिशेब काढा. आठवत नसेल तिथे आकडा आपल्या विरुद्ध धरा. महिन्याला ७०० रुपये धरले तर २४ महिन्यांचे १६,८००. पंचमांश ३,३६०. एकूण २०,१६०. बायकोला आधी सांगा, कारण हप्ते घरखर्चातून जाणार. मग वरिष्ठांना भेटून रक्कम आणि फेडीचा कालावधी लेखी द्या. सहकाऱ्यांची नावं घेऊ नका, कबुली तुमची आहे. नोकरीवर गदा येऊ शकते, हे धरूनच जा. नोकरी जाण्याची भीती मोठी असेल तर आधी वकिलांशी बोलून घ्या, पण बोलणं म्हणजे टाळणं होऊ देऊ नका.

बरेच जण अशा वेळी तेवढी रक्कम चर्चच्या दानपेटीत टाकतात. कंपनीचा पैसा दानपेटीत टाकल्याने तुमचा होत नाही. परत घ्यायला माणूस किंवा त्याचा वारस कोणीच उरला नसेल, तेव्हाच तो देवाला द्यावा असं गणना ५:८ म्हणतं. निनावी पाकीट पाठवणंही टाळा, त्याने संशय भलत्यावर जातो.

स्टाफ नर्स आहे. ड्युट्या बदलतात, त्यामुळे रोज पहाटे शास्त्रवाचन जमत नाही. दर जानेवारीला उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सुरू करते आणि लेवीयात अडकते. – पुणे

पहाटेचा हट्ट सोडा. वाचन घड्याळाला न बांधता ड्युटीला बांधा. युनिफॉर्म चढवण्याआधी दहा मिनिटं, मग ड्युटी सकाळी सातची असो वा रात्रीची. उत्पत्तीऐवजी मार्कचं शुभवर्तमान घ्या. सोळा अध्याय आहेत, आणि येशू माणसांशी कसा वागला हे त्यात पानोपानी दिसतं. एका बैठकीला दहापंधरा वचनांचा एकच प्रसंग घ्या. पहिल्यांदा नुसता वाचा, दुसऱ्यांदा येशू कोणाकडे पाहतो, कोणाला हात लावतो, कोणासाठी थांबतो ते पाहा, आणि तिसऱ्यांदा वाचून एक ओळ लिहा, याच पाळीत करता येईल अशी. ‘सर्वांवर प्रीती करीन’ असली ओळ नको. ‘बेड नंबर सातच्या आजींचं बोलणं आज न तोडता ऐकेन’ अशी हवी. पाळी संपल्यावर लॉकरपाशी ती ओळ पुन्हा पाहा, झालं का नाही ते लिहा.

सुट्टीच्या दिवशी स्तोत्रं घ्या. १५० आहेत, एका सुट्टीला पाच वाचली तर तीस सुट्ट्यांत होतात, पण १७६ वचनांचं ११९वं तुकड्यांत घ्या. रात्रपाळीला १३४वं स्तोत्र पाठ असू द्या. तीनच वचनं आहेत आणि रात्री परमेश्वराच्या मंदिरात सेवेला उभं राहणाऱ्यांसाठीच आहे. लेवीय वाचायचं असेल तर एकट्याने रेटू नका, बायबल अभ्यासाच्या वर्गात घ्या. आणि बुडालेले दिवस भरून काढायला बसू नका, वहीत खूण असेल तिथून पुढे चला.